दोष गल्लीचा की तोंडाचा?

नमस्कार श्रोतेहो. जुन्या नाशकात गाड्या अडकल्या की सगळे गल्लीच्या अरुंदपणाला बोल लावतात. तो आरोप निम्माच खरा आहे.

गोदावरीकाठच्या उंचवट्यांवर वसलेलं हे गाव. तिवंध्याकडच्या उंच भागातून काही गल्ल्या नदीकडे उतरतात, बाकीच्या त्यांना आडव्या जातात. दोन्ही मिळतात तिथे पुष्कळदा तिठा असतो. चार रस्त्यांच्या चौकात वाहनांचे मार्ग 32 ठिकाणी एकमेकांना छेदतात, मिळतात किंवा फुटतात; तिठ्यावर असे बिंदू फक्त 9. शिवाय वळणापलीकडचं दिसत नाही, म्हणून वेग आपसूक उतरतो. पाटी लावावी लागत नाही. रंगपंचमीची रहाड, म्हणजे रंग खेळायचा जमिनीतला हौद, भर चौकात असते आणि एरवी तिच्यावर फळ्या-माती टाकून वरून रहदारी चालते, हेही अशाच गावठाणात जमतं.

मग अडतं कुठे? गल्लीच्या तोंडाशी. तीन मीटरची गल्ली धरा. रिक्षाला साधारण 1.3 मीटर लागतात. स्कूटर भिंतीला समांतर उभी केली, तर पाऊण मीटर जातो आणि रिक्षा आरामात निघते. तीच आडवी लावली, की जवळजवळ दोन मीटर गेले. उरलेल्या एका मीटरमधून फक्त माणूस आणि दुचाकी. अशी एकच स्कूटर रविवार कारंजा किंवा दहीपुलासारख्या गजबजलेल्या ठिकाणी गल्लीच्या तोंडावर असेल, तर आतली गल्ली मोकळी असूनही मागची रांग मुख्य रस्त्यावर येते. तोंडापासून पाच-सहा मीटर मोकळे ठेवले तरी मोठा फरक पडतो. एकेरी वाहतूक हा सरसकट उपाय मात्र नव्हे: समोरून कुणी येणार नाही म्हटल्यावर लोक जोरात हाकतात, आणि ओट्यावर बसणारी म्हातारी माणसं आत जातात.

आपल्या गल्लीतून परकी वाहनं किती जातात, हे पाहायला दोन माणसं पुरतात. दोन्ही टोकांना उभं राहून पंधरा मिनिटं नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे वेळेसह लिहा. पाच मिनिटांच्या आत दुसऱ्या टोकाला जुळलेले आकडे म्हणजे नुसती वाट काढणारी वाहनं. ती निम्म्याहून जास्त निघाली, तर गल्ली रुंद करून उपयोग नाही. आणखी गाड्या येतील.

रुंदीकरण तसंही तुकड्यातुकड्यानं होतं. अगदी अरुंद गल्लीत वाडा पाडून नवी इमारत उभी राहते, तेव्हा तिला गल्लीच्या मध्यापासून ठरावीक अंतर सोडून मागे सरावं लागतं. शेजारचा जुना वाडा जागेवरच. परिणामी गल्लीला करवतीसारखे दाते पडतात आणि प्रत्येक खाचेत दुचाकी शिरते. वाहतूक तसूभरही सुधारत नाही, ओटा मात्र कायमचा जातो.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे रस्त्याची पातळी. जुना थर न खरवडता वर काँक्रीट ओतलं, की दर वेळी चार-सहा इंच चढतात. दोन-तीन फेऱ्यांत उंबरा रस्त्याखाली जातो. उतारावरचं पावसाचं पाणी सराफ बाजार, भांडी बाजाराकडे धावतं आणि वाटेत लागेल त्या वाड्यात शिरतं. म्हणून आपल्या दारात काम सुरू व्हायच्या आत ठेकेदाराला खरवडणीची खोली विचारा, आणि उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंतची उंची खडूनं भिंतीवर मांडून ठेवा.