उत्तरांग खरं, म्हणून पूर्वांग खरं? थांबा!

नमस्कार मंडळी. "निष्कर्ष तर खरा आहे, मग युक्तिवाद अवैध कसा?" मागच्या व्हिडिओखाली हाच प्रश्न इतक्यांदा आलाय, की ठरलेला विषय गुंडाळून ठेवला.

नियम भराभर सांगतो. 'प असेल तर फ' यात प पूर्वांग, फ उत्तरांग. प खरं मिळालं की फ खरं असा निष्कर्ष काढा: मोडस पोनेन्स. फ खोटं ठरलं की प खोटं: मोडस टोलेन्स. 'प किंवा फ' यातलं एक खोटं ठरलं की दुसरं उरतं. झालं.

आता खरी गोची. फ मिळालं म्हणून प काढायचं नाही! मी स्वतः आपटलोय. बॅटरी संपली तर फोन बंद पडतो. फोन बंद आहे. म्हणजे बॅटरी संपली. रात्रभर चार्जरला लावला. सकाळीही ढिम्म. दुरुस्तीवाल्याने बाजूचं बटण नखाने उचकटलं, आणि फोन सुरू! बॅटरी फुल्ल. तर्कशास्त्र शिकवणारा माणूस मी.

पटलं नाही? आकडे घ्या. 4 ने भाग जात असेल तर संख्या सम. 6 सम आहे. जातो का 4 ने भाग?

यावर एकाने लिहिलंय, "8 घ्या की सर, जातो." जातो ना! पण 'भाग जातो' हा निष्कर्ष 8 सम असल्यामुळे सिद्ध झाला नाही, आयता खरा निघाला. वैधता युक्तिवादाच्या साच्याची असते. आधारविधानं, म्हणजे ज्यांवरून निष्कर्ष काढतो ती विधानं, खरी आणि निष्कर्ष खोटा, असं एकदा जरी घडू शकलं तरी साचा बाद. इथे प खोटं, फ खरं धरा: 'प तर फ' खरं, फ खरं, निष्कर्ष खोटा. 6 नेमका तिथेच बसतो.

आणि हो, नियम लावून निष्कर्ष निघाला नाही की लगेच 'अवैध' लिहून मोकळे होऊ नका. कदाचित तुम्हालाच वाट दिसली नसेल. अवैध म्हणायचं तर अशी खरं-खोट्याची जुळणी दाखवा. प, फ सारखी पाच साधी विधानं असतील तर सत्यता कोष्टकाच्या, म्हणजे खरं-खोट्याच्या सगळ्या जुळण्यांच्या तक्त्याच्या, 32 ओळी होतात, म्हणून आधी निष्कर्ष खोटा धरून उलट या: आधारविधानं तरीही खरी ठरू शकतात का, बघा.

आता तुम्ही. "4 ने भाग जात नाही, म्हणून संख्या सम नाही." हे मोडणारी संख्या खाली लिहा. 6 चालणार नाही, तो मी वापरलाय.