गिटारचा पॉट: पाचशे की अडीचशे?

(दृश्य: मिरज. सतारमेकरांच्या गल्लीतलं दुकान. छताला भोपळे टांगलेले. घोडीवर कानस चालते आहे.)

मिरजेत तंतुवाद्याचा विषय निघाला की तो सतार-तंबोऱ्यापाशीच थांबतो, आणि ते साहजिकच आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हा धंदा इथे उभा केला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागीर घोडी घासून जवारी, म्हणजे तारेची झणकार, काढतो, पण आधी विचारतो: खुली हवी की बंद? खुली लखलखते, बंद गोल आणि मऊ लागते.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये ही खुली-बंद बरीचशी ठरते ती नॉबखाली लपलेल्या पॉटवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या रोधावर.

(दृश्य: सांगली. दुरुस्तीचं टेबल. गिटारचं मागचं झाकण उघडलेलं.)

पॉटला तीन पाय. कडेच्या दोन पायांमध्ये कार्बनचा पट्टा, आणि त्यावर सरकणारा मधला पाय. पिकअपची (तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाची) तार एका कडेला, दुसरी कड ग्राउंडला. आता बहुतेकांना वाटतं, आवाज फुल केला की पॉट बाजूला झाला. तसं होत नाही. नॉब दहावर असला तरी कार्बनचा अख्खा पट्टा पिकअप आणि ग्राउंडच्या मध्ये पडून असतोच, आणि त्यातून थोडा सिग्नल गळत राहतो.

गळतं ते मुख्यतः वरच्या पट्टीतलं. पिकअप म्हणजे बारीक तारेचे हजारो वेढे. ते वेढे आणि केबलचा कपॅसिटन्स (वीज साठवण्याचा गुण) मिळून काही हजार हर्ट्झच्या आसपास आवाजाला एक उंचवटा येतो. गिटारची धार ती हीच. पॉट कमी ओहमचा असला की हा उंचवटा दबतो, जास्त ओहमचा असला की तो तसाच उभा राहतो.

म्हणून रिवाज असा पडला: स्ट्रॅटोकास्टरसारख्या सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा पिकअप असलेल्या) गिटारला २५० के (के म्हणजे हजार ओहम), कारण तिची धार मुळातच तीक्ष्ण. हंबकरचा (दोन वेटोळ्यांच्या पिकअपचा) आवाज जाड, त्याला ५०० के. फेंडरने १९५८ मध्ये जॅझमास्टर आणली, तिच्यात तर थेट एक मेग, म्हणजे हजार के, घातला. ॲक्टिव्ह पिकअपला मात्र २५ के चालतो, कारण त्याच्या पोटात स्वतःचा प्रीॲम्प असतो.

टोनचा पॉटही हिशेबात धरायचा. वरच्या पट्टीसाठी तो व्हॉल्यूमच्या समांतर बसतो. म्हणजे पाचशेचे दोन लावले की पिकअपला दिसतात अडीचशेच.

(दृश्य: इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. काउंटरवर पॉटचा डबा, शेजारी पिवळा मल्टीमीटर.)

आपल्याकडच्या दुकानात ॲम्प्लिफायरचे १० के, १०० के सहज मिळतात. ‘हाच लावा, सगळे सारखेच’ असंही ऐकायला मिळेल. लावू नका. साध्या सिंगल कॉइलचा स्वतःचाच रोध सहा-सात के असतो. त्याला १० के जोडला की आवाज बसतो आणि गिटार घोंगडीखालून वाजल्यासारखी वाटते. पाचशेऐवजी ४७० के मिळाला तर मात्र बिनधास्त घ्या.

का, ते मीटर सांगतो. या पॉटमध्ये छापील आकड्यापेक्षा वीस टक्क्यांपर्यंत फरक सर्रास असतो. पाचशेचा छाप असलेला चारशे भरू शकतो, अडीचशेचा तीनशे. छापावर भांडणारे खूप भेटतात, मोजणारे कमी. मीटर २००० के वर ठेवा, कडेचे दोन पाय धरा, डब्यातले चार-पाच मोजून हवा तो निवडा. मात्र पॉट सुटा असतानाच मोजा. गिटारमध्ये जोडलेला असेल तर पिकअप मध्ये येऊन आकडा चुकवतो.

मग अक्षर. सध्याच्या बहुतेक पॉटवर ‘ए’ म्हणजे लॉग (रोध आधी हळू, मग झपाट्याने बदलणारा) आणि ‘बी’ म्हणजे लिनिअर (सारख्या गतीने बदलणारा). जुन्या युरोपीय मालावर या अक्षरांचा भरवसा नाही. नॉब मधोमध ठेवून मधला पाय आणि एक कड मोजा. निम्मा आकडा आला तर लिनिअर. एका बाजूला दहा-पंधरा टक्केच आला तर लॉग. आपला कान लॉगनेच ऐकतो, त्यामुळे व्हॉल्यूमला लिनिअर लावला की दहापासून तीनपर्यंत फारसं काही होत नाही, आणि मग आवाज एकदम कोसळतो. टोनलाही मी लॉगच लावेन.

गणपतीत बेंजो वाजवणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू. तारांखाली साधा मॅग्नेटिक पिकअप असेल तर १० के तिथेही नको.

टोनच्या कपॅसिटरवर जास्त वेळ घालवायला नको. सिंगल कॉइलला ४७३, हंबकरला २२३ छापलेला घ्या. महागड्याने फरक पडतो असं मला वाटत नाही. व्हॉल्यूम कमी करताच आवाज मंद होत असेल, तर व्हॉल्यूम पॉटच्या पिकअपकडच्या आणि मधल्या पायात १०२ चा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० के चा रेझिस्टर टाका.

(दृश्य: कळकट पॉट, त्यावर स्प्रे.)

पॉट करकरत असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि नॉब वीसेक वेळा फिरवा. पण कृष्णेच्या पुराचं पाणी गिटारमध्ये शिरलं असेल, तर साफ करत बसू नका. गाळ पट्ट्यापर्यंत पोचलेला असतो, सरळ बदला.

दुकानात जाताना जुना पॉट आणि नॉब खिशात असू द्या. काही पॉटचा दांडा भरीव असतो, काहींचा चिरलेला आणि दातेरी. एकाचा नॉब दुसऱ्याला बसत नाही. मोठ्या अमेरिकी पॉटला साडेनऊ मिलिमीटरचं भोक लागतं, छोट्याला सात-आठ पुरतं. भोक लहान पडलं तर कानसेने हळूहळू वाढवा. ड्रिल घातलं तर पॉलिशचा टवका उडतो.