फास

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. 'इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!' सारा महाल, सारी इतवारी ओरडत असते. रोग बाहेरून येतो आणि वेशीबाहेर हाकलता येतो, ही आपली जुनी समजूत. स्तनाचा कॅन्सर मात्र घरातलाच. आपल्याच पेशी बिघडलेल्या.

मेडिकल चौकाच्या बाजूला एका लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली काचपट्टी आहे, गुलाबी-जांभळी. या मोठ्या, वेड्यावाकड्या पेशी म्हणजे गाठ. तिच्या काठाशी मोहरीएवढे दिसणारे गडद ठिपके म्हणजे लिम्फोसाइट, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांच्यातल्या टी-पेशी गाठीला मारायला आल्यात. म्हणजे पहारेकरी झोपलेले नाहीत, पोचलेत.

आता हा एक ठिपका बघा. आक्रसलाय. केंद्रकाचे काळपट तुकडे झालेत. हा मेलाय.

टी-पेशीच्या अंगावर एक रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारं प्रथिन, असतो, 'फास'. नाव इंग्रजी आहे, पण मराठी कानाला अर्थ लगेच लागतो. या फासाला 'फास लायगँड' नावाचं प्रथिन चिकटलं की पेशीच्या आत कॅस्पेस एन्झाइम कामाला लागतात आणि पेशी स्वतःला संपवते. सोय शरीराचीच: ताप उतरला, लढाई संपली, की जादाच्या टी-पेशी अशाच आवरल्या जातात. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवरही हे लायगँड सापडलंय. लढायला तयार झालेल्या टी-पेशींवर फास जास्त असतो, म्हणजे जो जास्त तयार, तोच आधी सापडतो. रुग्णाच्या शरीरात हे किती प्रमाणात घडतं, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

गाठीकडे दुसरीही युक्ती आहे. पीडी-एल१ हे प्रथिन टी-पेशीला मारत नाही, थंड करतं. टी-पेशीवरचा त्याचा जोडीदार पीडी-१ जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडला. २०१८ साली होंजोंना नोबेल मिळालं. पीडी-१ला अडवणारं पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत सुरुवातीच्या, पण जास्त जोखमीच्या ट्रिपल निगेटिव्ह स्तनाच्या कॅन्सरसाठी (ज्यात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ हे तिन्ही रिसेप्टर तपासणीत निगेटिव्ह येतात) केमोसोबत मंजूर झालं.

त्यामुळे 'इम्युनिटी वाढवा' म्हणत काढ्याची बाटली घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना काय सांगावं? पहारेकरी कमी नाहीत हो, दारातच मारले जाताहेत.

ट्रिपल निगेटिव्हमध्ये गाठीत हे ठिपके जितके जास्त, तितकी पुढची आशा बरी. म्हणून रिपोर्ट लिहिताना आता बरेच पॅथॉलॉजिस्ट गाठीसोबत तेही मोजतात. टक्क्यांत.