यजमान कोण, नाव कोणाचं?

मंडळी, एखाद्या चिमुकल्या देशाने विश्वचषक भरवला की आपण चटकन म्हणतो, पैसा उतू चाललाय, हौस आहे. हौस असतेच. पण कतारच्या बाबतीत मला हौसेआधी भीती दिसते. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत गिळलं. आखाताच्या किनाऱ्यावरच्या छोट्या देशांना तेव्हा कळून चुकलं की लष्कर कितीही वाढवलं तरी मोठ्या शेजाऱ्यापुढे ते पुरं पडणार नाही. मग निदान आपलं नाव तरी जगाच्या तोंडी हवं; अनोळखी देश नाहीसा झाला तर हळहळायचं कोणी?

पुढचा क्रम त्या नजरेने बघा. १९९६मध्ये अल जझीरा ही वृत्तवाहिनी. २००६मध्ये दोहात आशियाई स्पर्धा. २ डिसेंबर २०१०ला झुरिकमध्ये २०२२च्या फुटबॉल विश्वचषकाच्या यजमानपदासाठी फिफाच्या मतदानाच्या शेवटच्या फेरीत अमेरिकेवर १४ विरुद्ध ८ मतांनी मात. २०११मध्ये पॅरिसचा पीएसजी हा फुटबॉल क्लब ताब्यात. (अल उदैदचा अमेरिकी हवाई तळ आहेच; नुसत्या फुटबॉलवर देश राखता येत नाही, हे दोहाला आपल्यापेक्षा जास्त कळतं.)

जून २०१७मध्ये सौदी अरेबिया, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारची नाकेबंदी केली. देशाची एकुलती एक जमिनीवरची सीमा बंद झाली. आणि दोनच महिन्यांत पीएसजीने ब्राझीलच्या नेमारसाठी २२.२ कोटी युरो मोजले! जगाला सांगायचं होतं ते इतकंच, की आम्ही गुदमरलेलो नाही. नाकेबंदी जानेवारी २०२१मध्ये उठली. ती विश्वचषकामुळेच उठली असं मी म्हणणार नाही, त्यामागे बरंच राजकारण होतं. पण २० नोव्हेंबर २०२२ला, उद्घाटनाच्या दिवशी, सौदीचे युवराज मोहम्मद बिन सलमान दोहात पाहुणे म्हणून बसले होते. कतारचा संघ तिन्ही सामने हरला. यजमानांचं त्यावाचून फारसं काही अडलं नाही.

याची दुसरी बाजू मात्र यजमानांना टाळता आली नाही. आखातात कफाला पद्धत, म्हणजे परदेशी मजुराचं राहणं आणि नोकरी मालकाच्या हाती बांधलेली, कित्येक दशकं होती. नेपाळी, बांगलादेशी, भारतीय मजूर त्यात भरडले जात होते, पण युरोपातल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर ते आले यजमानपद मिळाल्यानंतर. सॉफ्ट पॉवरची, म्हणजे जबरदस्तीऐवजी आकर्षणातून मिळणाऱ्या प्रभावाची, संकल्पना मांडणारे जोसेफ नाय आकर्षणाबद्दल बोलत होते. ब्रॅनगन आणि जुलियानोट्टी या अभ्यासकांनी कतारकडेच बघून उलटी प्रक्रिया दाखवली: जास्त दिसल्यामुळे पत घसरण्याची. २०२०मध्ये नोकरी बदलताना मालकाच्या परवानगीची अट गेली, मार्च २०२१पासून महिना १००० रियाल किमान वेतन लागू झालं. अंमलबजावणीबद्दल तक्रारी राहिल्या. पण एवढे तरी बदल त्या डोळ्यांवर येण्यामुळेच झाले, असं माझं मत आहे.

आता कतारसारखा गॅसचा पैसा नाही, अशा यजमानांकडे वळू. वेस्ट इंडिजमधला २००७चा क्रिकेट विश्वचषक आपल्याला आठवतो तो भारत पहिल्याच फेरीत बाद झाल्यामुळे. १५ एप्रिलला ब्रिजटाउनमध्ये भारत-पाकिस्तान लढत होईल असा सगळ्यांचा अंदाज. मैदानात उतरले आयर्लंड आणि बांगलादेश. आपल्यासाठी ती नामुष्की, कॅरिबियन बेटांसाठी बुडालेला हंगाम. कारण मैदानं तर बांधून झालेली.

त्यातल्या ग्रेनाडाची कथा मला फार बोलकी वाटते. लोकसंख्या जेमतेम १ लाख. २००४मध्ये आयव्हन चक्रीवादळाने तिथलं स्टेडियम उद्ध्वस्त केलं. २००५मध्ये ग्रेनाडाने तैवानशी संबंध तोडून चीनला मान्यता दिली आणि नवं स्टेडियम चीनने बांधून दिलं. फेब्रुवारी २००७मध्ये उद्घाटनाला चीनचे राजदूत हजर, पोलिसांचा बँड सज्ज, आणि बँडने वाजवलं तैवानचं राष्ट्रगीत! पंतप्रधानांना चौकशीचं आश्वासन द्यावं लागलं. हसू येतं खरं, पण बघा: सामने ग्रेनाडात, स्टेडियम चीनचं, आणि जगभर गेलेली बातमी या घोटाळ्याची. दुसऱ्याच्या पैशावर यजमान झालेल्या देशाच्या वाट्याला प्रभावाचा किती हिस्सा उरतो?

रवांडाने निराळी वाट धरली. सप्टेंबर २०२५मध्ये किगालीत रस्ता-सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आफ्रिकेतली पहिलीच. तिला स्टेडियम लागत नाही. डोंगर होते, रस्ते होते. त्याआधी फेब्रुवारीत, पूर्व काँगोतल्या एम-२३ बंडखोरांना रवांडाचं पाठबळ असल्याच्या आरोपावरून, युरोपीय संसदेने रवांडाने धोरण बदललं नाही तर ही स्पर्धा रद्द करण्याची मागणी करणारा ठराव केला होता. स्पर्धा ठरल्या जागीच झाली, आरोपही हटले नाहीत. म्हणजे टीका रवांडाला चुकली नाहीच. फरक इतकाच, की सायकलपटू परतल्यावर रिकामं स्टेडियम सांभाळायची वेळ किगालीवर आली नाही.