साचा भिंतीतच राहतो तेव्हा

[दृश्य: पांढऱ्या पोकळ ब्लॉकचे रद्दे, आत आडव्या सळया]

सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, उतरवलं की काँक्रीट कसं झालंय ते लगेच कळतं. कुठे पोळं पडलंय म्हणजे पोकळ्या राहिल्यात, कुठे सळई उघडी राहिलीय, सगळं समोर येतं. इन्सुलेटिंग काँक्रीट फॉर्म, म्हणजेच आयसीएफच्या भिंतीत ही वेळ येतच नाही. इथला साचा उतरवायचा नसतो. तोच पुढे उष्णता अडवणारा थर म्हणून भिंतीवर राहतो. त्यामुळे तपासायचं ते काँक्रीट पडण्याआधी आणि पडत असताना.

[दृश्य: एक ब्लॉक जवळून]

ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना घट्ट थर्माकोलचे, सुमारे ६५ मिलिमीटर जाडीचे फलक असतात. त्यांना जोडणारे प्लास्टिकचे वेब साधारण १५० किंवा २०० मिलिमीटरवर येतात. नेहमीचा ब्लॉक १२०० मिलिमीटर लांब आणि ४०० उंच. मधली पोकळी १०० पासून ३०० मिलिमीटरपर्यंत मिळते. हॉटेल, शाळा, कार्यालयं अशा इमारतींत बहुधा १५० किंवा २०० ची वापरतात.

तीस मीटर लांब आणि ३.६ मीटर उंच भिंत धरा. एका रद्द्यात, म्हणजे ब्लॉकच्या एका आडव्या ओळीत, २५ ब्लॉक, रद्दे नऊ, म्हणजे २२५ ब्लॉक. पोकळी १५० मिलिमीटरची असेल तर काँक्रीट १६.२ घनमीटर. यातून दारं-खिडक्या वजा करा, पण कापाकापीत वाया जाणारे तुकडे विसरू नका.

[दृश्य: पायावर पहिला रद्दा, लेव्हल लावताना]

पाया सहा मिलिमीटरच्या आत पातळीत हवा. पहिल्या रद्द्यातला उंचसखलपणा वरच्या प्रत्येक सांध्यात उघडा पडतो. सुरुवात कोपऱ्यांतून करायची, गुण्या लावून, आणि दोन्हीकडून भिंतीच्या मध्याकडे यायचं. सांधेमोड, म्हणजे वरचा उभा सांधा खालच्या सांध्यावर न येणं, हवीच, पण वेबही एकाखाली एक आले पाहिजेत, कारण पुढे सगळे स्क्रू त्यांनाच लागणार आहेत.

आडव्या सळया वेबच्या खाचांत बसतात. एका रद्द्यात एक खाच, पुढच्या रद्द्यात शेजारची, अशी अदलाबदल केली की वरून सोडलेली उभी सळई दोघींच्या मधून खाली जाते आणि जागच्या जागी धरली जाते. छोटी गोष्ट आहे, पण ती चुकली की उभी सळई फोमला, म्हणजे थर्माकोलच्या फलकाला, टेकते आणि तिच्यावर काँक्रीटचं आवरणच राहत नाही.

भिंतीच्या आतल्या बाजूला सुमारे १.८ मीटरवर उभे टेकू आणि त्यांचे टर्नबकल, म्हणजे फिरवून टेकूची लांबी कमीजास्त करायचे स्क्रू. माथ्यावर दोरी ताणलेली. पाइप, डक्ट, केबल यांची भोकं आत्ताच, स्लीव्ह, म्हणजे आरपार नळीचे तुकडे, घालून ठेवायची. नंतर कोअर कटिंग, म्हणजे यंत्राने काँक्रीटमध्ये गोल भोक पाडणं, करावं लागतं आणि त्यात सळई कापली जाण्याचा धोका असतो.

[दृश्य: पंपाची नळी, काँक्रीट पोकळीत पडतंय]

आता खरी परीक्षा. १५० मिलिमीटरच्या पोकळीला १० मिलिमीटरची खडी आणि १२५ ते १५० मिलिमीटर स्लंप (ओलं काँक्रीट किती खचतं, म्हणजे किती सैल आहे, त्याचं माप) ठीक बसतो. भिंत एकदम भरायची नाही. एक ते १.२ मीटरचा थर देत पूर्ण फेरी मारायची, आणि खालचा थर जरा आवळला की दुसरी फेरी सुरू करायची.

कारण साधं आहे. ओलं काँक्रीट पाण्यासारखं बाजूला ढकलतं, पण पाण्याच्या जवळजवळ अडीचपट जोराने. १.२ मीटरच्या थराखाली दर चौरस मीटरला जवळपास तीन टनांचा दाब येतो. तीन मीटर एका दमात भरलं तर सात टनांहून जास्त. तेवढा दाब सोसायला हा फोम नसतो.

[दृश्य: फुगलेला फलक, हात लावून पाहताना]

साचा फुटतो तो बहुधा जिथे ब्लॉक कापताना वेब गेला तिथे: कोपऱ्याजवळ, चौकटीच्या कडेला, अरुंद तुकड्यात. असे तुकडे भरणीआधीच बाहेरून फळी ठोकून आवळायचे. तरी फुगलंच, तर तिथला पंप थांबवा, आतलं काँक्रीट काढा, फलक मागे दाबा, प्लायवूड शेजारच्या वेबना स्क्रूने आवळा, टेकू द्या आणि काम दुसरीकडे न्या. प्लायवूड आणि स्क्रूगन आधीपासून हाताशी हवेत. शोधायला वेळ नसतो.

मिश्रण अडकतंय म्हणून त्यात पाणी ओतणं ही सर्वांत वाईट सवय. ताकद घटते आणि दाब वाढतो.

खिडकीच्या तळाची फळी सलग ठेवू नका, मध्ये मोकळी जागा सोडा. तिथून काँक्रीट वर येताना दिसलं की खाली पोकळी नाही याची खात्री होते. २५ मिलिमीटरची व्हायब्रेटर सुई पटकन आत आणि सावकाश वर. शंका असेल तिथे फोमवर ठोकून ऐका. पोकळ आवाज आला तर फोमचा चौकोन कापून आत बघा, दुरुस्त करा, चौकोन परत चिकटवा.

भरणी झाल्यावर लगेच, काँक्रीट ओलं असतानाच, दोरी बघून टर्नबकल फिरवायचे. भिंत ओळंब्यात आणायची ही शेवटची संधी.

[दृश्य: मजल्याचं स्लॅब टेकण्याची जागा]

तयार पोकळ स्लॅब टाकायचे असतील तर आतला फोम कापून ते थेट काँक्रीटवर टेकवायचे. फोमवर ते कधीच टेकवायचे नाहीत. लोखंडी तुळयांसाठी स्टडच्या, म्हणजे काँक्रीटमध्ये रुतणाऱ्या खुंट्यांच्या, प्लेटा भरणीआधी बसवायच्या.

फोम आगीत वितळतो, म्हणून आतून १२.५ मिलिमीटरचं जिप्सम बोर्ड लागतं. आम्ही इथे मुद्दाम थांबतो, कारण फॉल्स सीलिंगच्या वर बोर्ड लावायचं नेमकं राहून जातं आणि वरचा फोम उघडाच राहतो. जमिनीखालच्या भागाला सॉल्व्हंट असलेलं वॉटरप्रूफिंग चालत नाही, ते फोम खातं; स्वतः चिकटणारी शीट वापरा. फोमआड वाळवी नजरेआड चढते, तिचा अडथळा पायातच द्या.

[दृश्य: मोजपट्टी धरून सळयांचे फोटो]

भरणीच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे मोजपट्टीसकट फोटो काढा: सळया, स्लीव्ह, प्लेटा. इमारत सांभाळणाऱ्यांकडे ते नकाशासोबत द्या. पुढे जो कोणी ड्रिल घेऊन या भिंतीसमोर उभा राहील, त्याला आत काय आहे ते फक्त त्या फोटोंतून कळेल.