पाटी सगळ्यात शेवटी वाचायची

(दृश्य : मासेमारीची जुनी शेड. फळ्यांच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप एका गंजक्या इंजिनाच्या धुडावर पडली आहे.)

उंची मांडीपर्यंत. खाली पोट सुटल्यासारखा क्रँककेस, म्हणजे क्रँकशाफ्टची पेटी, त्यावर एकच सिलिंडर आणि पुढे उघडंबोडकं फ्लायव्हील, जात्याच्या तळीसारखं जाड. पितळेचं जे जे होतं ते सगळं गेलंय. तेलाचे कप नाहीत, पाण्याचा पंप नाही. बनवणाऱ्याच्या नावाची पाटी जिथं असायची, तिथं चार रिकामी भोकं. मुंबईच्या दारुखान्यातल्या भंगार बाजारात एकदा जरी चक्कर मारली असेल, तरी हे वेगळं सांगायला नको : भंगारातलं पितळ आधी उचललं जातं, बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मागे राहतं.

हे बोटीचं इंजिन आहे. वय शंभराच्या पुढे. अमेरिकेतल्या मेन राज्यापासून कॅनडातल्या न्यूफाउंडलंडपर्यंतच्या अटलांटिक किनाऱ्यावर आणि आत ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांच्या काठाने अशी इंजिनं अजूनही शेडमधून, गोठ्यांतून, कधी चक्क बागेतल्या फुलझाडांमधून निघतात. ज्याला सापडतं त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : हे कुणाचं? दुसरा जरा खालच्या आवाजात : दुर्मीळ आहे का?

पहिल्याचं उत्तर पाटीवर असणार, असं आपण धरून चालतो. या कामात मुरलेली माणसं मात्र पाटी सगळ्यात शेवटी वाचतात. का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

(दृश्य : नदी, धुकं, जुनी छायाचित्रं.)

१८८६. जर्मनीतलं कानश्टाट. गोटलीब डाइमलर नेकार नदीत होडीवर पेट्रोलचं इंजिन चालवून बघतोय. लोकांना पेट्रोलची धास्ती. म्हणून त्याने होडीभोवती तारा ओढल्या, चिनीमातीचे इन्सुलेटर बसवले आणि होडी विजेवर चालते असा देखावा उभा केला, असं सांगतात. म्हणजे बोटीच्या इंजिनाची गोष्टच मुळी ओळख लपवण्यापासून सुरू होते.

दोनच वर्षांनी न्यूयॉर्कच्या विल्यम स्टाइनवेंनी, हो, तेच पियानोवाले, अमेरिकेत डाइमलर इंजिनं बनवायचे हक्क घेतले. १८९१ मध्ये इंग्लंडात बाथच्या जोसेफ डे यांनी साध्या टू-स्ट्रोक इंजिनाचं पेटंट काढलं. वर झडपा नाहीत, कॅम नाही, हलणारे भाग मोजकेच. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला क्लार्क सिंट्झ बोटींसाठी टू-स्ट्रोक इंजिनं बनवत होता. त्याचं एक हॉर्सपॉवरचं इंजिन एलवुड हेन्स नावाच्या गृहस्थाने विकत घेतलं ते गाडीला बसवायला. ४ जुलै १८९४ रोजी इंडियानातल्या कोकोमो गावाबाहेर ती गाडी धावली. ती आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे आणि बघणारे तिच्याकडे मोटार म्हणूनच बघतात. पोटात होडीचं इंजिन आहे, हे किती जणांच्या लक्षात येत असेल?

मग झुंबड उडाली. ज्याच्याकडे लेथ आणि हाकेच्या अंतरावर ओतशाळा, तो इंजिनवाला. कनेक्टिकटमध्ये कॉस कॉबचे पामर, मिस्टिकचे लॅथ्रॉप, क्लीव्हलंडचे फेरो, डेट्रॉइटचे ग्रे. डेट्रॉइटचेच केल बंधू जुगाराची स्लॉट मशीनही बनवत आणि बोटीची इंजिनंही. दोन्हीकडे हात मारायचा आणि नशीब बघायचं. पहिल्या महायुद्धापर्यंत असे शेकडो कारखाने झाले. पुढे मोटारींची इंजिनं स्वस्त झाली, लोक तीच काढून होडीत बसवू लागले आणि यातले बहुतेक कारखाने नावानिशी पुसले गेले.

पाटीचा घोळ या गर्दीतच आहे. टपालाने माल विकणाऱ्या मोठ्या पेढ्या दुसऱ्याकडून इंजिनं करून घेत आणि आपल्या नावाने विकत. एखादा बोट बांधणारा दहा इंजिनं आणून त्यांवर स्वतःची पाटी ठोके. एखादी पाटी एका मेलेल्या इंजिनावरून उचलून दुसऱ्या जिवंत इंजिनावर लावलेली असते. हल्ली तर नव्या ओतलेल्या पाट्याही विकत मिळतात, हव्या त्या नावाच्या. पाटी खोटंच बोलते असं नाही. पण ती सुटी होते. सिलिंडर सुटा होत नाही.

(दृश्य : हात, टॉर्च, ब्रश. इंजिन जवळून.)

म्हणून आधी पाहायचं, मग घासायचं. वाळूचा मारा करून गंज उडवायचा मोह होतो आणि तिथंच घात होतो, कारण ठोक्याने उमटवलेले नंबर खोल नसतात. गंजाबरोबर तेही उडून जातात. मऊ ब्रश, थोडं डिझेल आणि भरपूर वेळ. मग खोली अंधारी करून टॉर्च अगदी आडवा धरायचा. झिजलेला शिलालेख वाचणारे हेच करतात : समोरून उजेड टाकला की अक्षर बुजतं, कडेने टाकला की सावलीतून वर येतं. कागद ठेवून पेन्सिल फिरवली की ठसाही मिळतो.

अक्षरं दोन जातीची. काही उठावाची, लाकडी पॅटर्नवर, म्हणजे साचा करायच्या नमुन्यावर, चिकटवलेली आणि ओतताना बिडात उतरलेली. कधी त्यातला एखादा इंग्रजी ‘एन’ उलटा सापडतो, कारण पॅटर्न करणारा कारागीर त्या दिवशी घाईत होता. ही बहुधा सुट्या भागांची क्रमांक-अक्षरं असतात आणि मेकरच्या जुन्या पार्ट-लिस्टशी जुळली तर सोन्याहून पिवळं. दुसरी अक्षरं खोलगट, पोलादी ठशाने ठोकलेली. ती सिलिंडरच्या कडेवर, क्रँकशाफ्टच्या टोकावर, फ्लायव्हीलच्या तोंडावर शोधायची. तिन्ही ठिकाणी एकच आकडा आला तर हे सगळे भाग जन्मापासून सोबत आहेत. आकडे वेगळे आले तर समोर एक इंजिन नसून दोन-तीन इंजिनांचा संसार आहे.

आता इंजिनाला विचारायचं : तू श्वास कुठून घेतोस? कार्ब्युरेटरची जागा खाली क्रँककेसवर असेल आणि तिथं एकाच दिशेने उघडणारी झडप असेल, तर ते टू-पोर्ट (पोर्ट म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतलं भोक). जागा वर, सिलिंडरच्या बाजूला असेल आणि पिस्टनचीच खालची कड तो रस्ता उघडत-मिटत असेल, तर थ्री-पोर्ट. एवढ्या एका नजरेत यादीतली कितीतरी नावं गळतात.

पुढचा प्रश्न ठिणगीचा. डोक्यावर स्पार्क प्लगचं आट्यांचं भोक आहे, की बाजूला दोन बोल्टांची चपटी बैठक? बैठक असेल तर ते ‘मेक अँड ब्रेक’. म्हणजे सिलिंडरच्या आतच दोन टोकं : एक स्थिर, अभ्रकाने वेगळं राखलेलं, दुसरं हलणारं. बाहेरची दांडी त्यांना जुळवते आणि नेमक्या क्षणी झटक्याने तोडते. तुटताना पडते ती ठिणगी. बॅटरी साधी, कॉइल साधी, जास्त दाबाची वीज कुठंच नाही. उघड्या होडीत लाटेचे तुषार उडाले की स्पार्क प्लगची वायर दगा देते. हे बेणं भिजलं तरी चालत राहतं. म्हणूनच मोटारी कुठल्या कुठे गेल्या, तरी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या कोळ्यांनी हे सोडलं नाही.

आणि आता माझी आवडती खूण. कोणताही अर्ध्या इंचाचा मूळ बोल्ट काढा आणि एका इंचात आटे मोजा. १२ आले तर व्हिटवर्थ, म्हणजे इंजिन ब्रिटिश असण्याचा संभव. १३ आले तर अमेरिकी. आट्यांचा कोनही वेगळा : व्हिटवर्थचा ५५ अंश, अमेरिकेचा ६०. इंचाच्या कुठल्याच मापात बोल्ट बसत नसेल, तर युरोपकडे वळायचं. अर्थात बोल्ट मूळचाच हवा. शंभर वर्षांत कुणी ना कुणी गावातल्या दुकानातून आणून कोंबलेला असतोच, म्हणून चार-पाच ठिकाणचे मोजायचे.

सिलिंडरचा व्यास मोजतानाही हीच सावधगिरी. चार इंचांवर केसभर जास्त भरला, तर ते विचित्र माप नव्हे. झिजलेला सिलिंडर कुणीतरी पुन्हा बोअर केलाय. कॅटलॉगात शोधायचं ते चारच.

(दृश्य : नोव्हा स्कोशियातल्या लुनेनबर्गचा धक्का, रंगीत लाकडी घरं.)

दुर्मीळ म्हणायचं, तर आधी सर्रास मिळणारं ओळखता यायला हवं. इथं कॅनडात दोन नावं घरोघरची. लुनेनबर्ग फौंड्री, स्थापना १८९१, तिचं ‘अटलांटिक’. आणि ला हाव नदीवरच्या ब्रिजवॉटर गावात १९०८ मध्ये सुरू झालेली अकेडिया कंपनी. सापडलेलं इंजिन या दोघांपैकी नाही, एवढं ठरलं की मगच उत्सुकता ताणायला अर्थ आहे. इथली म्हातारी माणसं सांगतात, की धुक्यातून येणाऱ्या होडीचा नुसता ठोका ऐकून ती कुणाची ते ओळखू यायचं. भाऊच्या धक्क्यावर रोज उभा राहणारा माणूस हे लगेच मान्य करील.

(दृश्य : कागद. जुनी मासिकं, नकाशे, संगणकाचा पडदा.)

लोखंडाने सांगायचं ते सांगितलं. आता कागद.

बिडावर किंवा एखाद्या तुकड्यावर पेटंटची तारीख असते, आणि ती बहुधा अर्धी गंजलेली. समजा वाचता येतंय ते एवढंच : मे, मग एक, मग खड्डा, आणि १९०६. पंधरा? सतरा? एकोणीस? इथं एक गंमत कामी येते. अमेरिकेत पेटंट मंगळवारीच दिली जातात, तेव्हाही आणि आजही. मे १९०६ चे मंगळवार १, ८, १५, २२ आणि २९. एकापुढे आणखी एक आकडा आहे असा एकच मंगळवार : १५. वर्ष १९०८ असतं तर १२ की १९, असा पेच पडला असता. तारीख मिळाली की त्या दिवशीची पेटंटं चाळायची, इंजिनांची काही हजारांत नसतात. चित्र जुळलं की शोधकाचं नाव आणि गाव हाती लागतं. फक्त दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. इंजिन त्या तारखेनंतरचं, त्याच वर्षाचं नव्हे. आणि पेटंट कदाचित एकट्या कार्ब्युरेटरचं असेल, जो दहा मेकर विकत आणून लावत होते.

गाव कळलं की सॅनबोर्नचे नकाशे. आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांसाठी सॅनबोर्न कंपनीने अमेरिकेतली गावंच्या गावं इमारतीगणिक रेखाटली : विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी. कुठं भट्टी, कुठं लेथ, कुठं रंगाची खोली, सगळं लिहिलेलं. विमेवाल्याला आगीची भीती होती, म्हणून आज आपल्याला कळतं की अमुक कारखाना खरोखर ओतकाम करत होता, की नुसती जुळणी करून पाटी ठोकत होता.

मग मासिकं. त्या काळच्या बोटींच्या मासिकांत मागची पानंच्या पानं इंजिनांच्या जाहिरातींनी भरलेली. कंपन्या नाव गाजवायला काय करतील सांगता येत नाही : १९१२ मध्ये डेट्रॉइटच्या स्क्रिप्स कंपनीचं इंजिन बसवलेली, जेमतेम ३५ फुटी ‘डेट्रॉइट’ नावाची बोट अटलांटिक ओलांडून थेट रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला गेली. जाहिरातीत चित्र असतं, पत्ता असतो. लागोपाठच्या वर्षांत पत्ता कधी बदलला आणि जाहिरात कधी थांबली, त्यावरून कंपनीचं आयुष्य मोजता येतं. पण जाहिरातीतलं चित्र म्हणजे इंजिन नव्हे; छपाईचा ब्लॉक एकदा केला की मॉडेल बदललं तरी छापखाना तोच वापरत राही.

यातलं पुष्कळसं आता घरबसल्या चाळता येतं. अमेरिकी विद्यापीठांनी मिळून २००८ मध्ये उभ्या केलेल्या डिजिटल ग्रंथालयाचं नाव हाथीट्रस्ट. हाथी म्हणजे आपला हत्तीच. तो काही विसरत नाही, म्हणून. याचा कारभार मिशिगन विद्यापीठातून चालतो. ज्या राज्याने एवढी इंजिनं ओतली आणि विसरून गेलं, तिथंच.

(दृश्य : पुन्हा शेड. लाकडी ठोकळ्यांवर बसवलेलं, चालू होणारं दुसरं एक इंजिन.)

कागदावर न मिळणारी एक साक्ष उरते, ती झिजेची. यातल्या बहुतेक इंजिनांना गिअर नसतो. मागे जायचं तर इंजिनच उलटं फिरवायचं. धक्का जवळ आला की कोळी स्विच बंद करतो. फ्लायव्हील मंदावतं, अगदी थांबायला येतं, पिस्टन शेवटचा दम लावून वर चढू लागतो, आणि नेमक्या त्या क्षणी स्विच पुन्हा चालू. ठिणगी वेळेआधी पडते, पिस्टन आल्या वाटेने खाली फेकला जातो, होडी मागे ओढली जाते. क्षण चुकला तर धक्क्यावर नाक. रोज, वर्षानुवर्षं हे केलेल्या इंजिनात क्रँकशाफ्टवरची फ्लायव्हीलची चावी, म्हणजे चाक पक्कं धरणारी पट्टी, आणि तिची खाच दोन्ही बाजूंनी खाल्लेली दिसू शकते.  

आणि आता ती चार भोकं. त्यांच्यातलं अंतर मोजायचं, आडवं आणि उभं. पाटी होती तिथं रंगाचा एक जुना थर वाचलेला असतो, पाटीच्याच आकाराचा. एखादी लंबगोल, एखादी चौकोनी, एखादी कोपरे कापलेली. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, कडेने पेन्सिल फिरवायची आणि तो कागद घेऊन ज्यांच्याकडे खात्रीची इंजिनं आहेत त्या संग्राहकांची दारं ठोठवायची. आट्यांनी, पोर्टांनी, मंगळवारांनी जे नाव पुढे केलंय, त्या नावाच्या पाटीवर तो बसतो का, ते बघायला.