तंबोरा डगमगू नये म्हणून

श्रोतेहो, नमस्कार.

घरातल्या जुन्या रेकॉर्ड पुन्हा वाजवायच्या असं ठरलं, की दुकानात पहिला प्रश्न होतो : कुठलं मशीन चांगलं? माझं सांगणं असं, की दुकानात जाण्याआधी कपाट उघडा आणि रेकॉर्डची लेबलं वाचा. कोलंबिया कंपनीनं १९४८ साली आणलेली एल.पी., म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्ड, मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि पिन जिच्यातून फिरते ती तिची खाच बारीक असते. लाखेच्या जुन्या तबकड्या जड, हातातून पडली की फुटणाऱ्या, ७८ फेऱ्यांच्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं नाट्यपद किंवा भावगीत. आपल्याकडे त्या साठच्या दशकातही निघत होत्या, म्हणून मराठी घरांत दोन्ही प्रकार एकाच पेटीत सापडतात.

मध्यम किंमत म्हणजे पंचवीस ते चाळीस हजार रुपये धरू. रेगा कंपनीचं प्लेनार १ अतिशय नेटकं यंत्र आहे, पण ते ३३ आणि ४५ या दोनच वेगांवर चालतं. ऑडिओ-टेक्निका कंपनीचं ‘एल.पी. १२० एक्स’ हे मशीन ७८वरही फिरतं. मात्र नुसता वेग मिळून भागत नाही. ७८च्या तबकडीची खाच रुंद. तिच्यात एल.पी.ची पिन थेट तळाशी बसते आणि वर्षानुवर्षांची धूळच ऐकवते. तिच्यासाठी जाड टोकाची वेगळी पिन लागते, म्हणून पिन सहज बदलता येईल असंच कार्ट्रिज, म्हणजे पिन बसवलेला छोटा भाग, घ्या.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : वेगाची स्थिरता. आपल्या शास्त्रीय संगीतात तंबोरा अखंड चालू असतो. प्लॅटरचा, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीचा, वेग किंचित जरी हलला, तरी षड्ज थरथरतो, आणि ते कान लगेच पकडतो. त्यामुळे दुकानात जाताना विलंबित ख्यालाची एल.पी. सोबत न्या. ऑर्केस्ट्राच्या गजबजाटातल्या सिनेगीतावरून हा दोष कळणार नाही. आलापाची पाच मिनिटं डोळे मिटून ऐका. मोटर पट्ट्यानं प्लॅटर फिरवते की थेट, हा वाद मग बाजूला पडतो. दोन्ही पद्धतींची उत्तम यंत्रं आहेत.

अमेरिकेतल्या नातलगांकडून जुनं मशीन मागवणाऱ्यांनी एक जरूर बघावं. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०ची. ज्या जुन्या यंत्रांची मोटर विजेच्या या वारंवारतेवर चालते, ती इथे सहाव्या हिश्शानं मंद फिरतात. हार्मोनियमच्या काळी चार पट्टीत गाणारी गायिका खालच्या पांढरी चारमध्ये ऐकू येईल! नुसता ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही, कारण तो फक्त व्होल्टेज बदलतो.

सुटकेससारखी स्वस्त मशीन्स दिसायला गोड असतात. पण त्यांपैकी बहुतेकांत टोनआर्मला, म्हणजे पिन धरणाऱ्या दांडीला, मागे वजन नसतं आणि पिन खाचेवर किती भार टाकते ते तुमच्या हातात राहत नाही. एल.पी.ला साधारण २ ग्रॅम भार पुरतो. घरातली एकुलती एक रेकॉर्ड असेल, तर तिच्यावर जास्त भार टाकू नका. झिजलेली खाच परत भरून येत नाही. पैसे कमी पडले तर ब्लूटूथ सोडा, चकचकीत लाकूड सोडा, पण चांगला टोनआर्म आणि पिन सोडू नका.

कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे स्वर जास्त ठेवलेले असतात. फोनो प्रीॲम्प हा छोटा ध्वनिवर्धक सिग्नल वाढवतो आणि हे स्वर मूळ प्रमाणात आणतो. तो न लावता मशीन जोडलं तर आवाज क्षीण येतो आणि डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो. काही मशीन्समध्ये तो आतच असतो, मागे त्याचं बटण असतं. विकत घेण्याआधी विचारा.

आणि घरी आल्यावर एक काळजी घ्या. तबकड्या पुसताना ७८वाल्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रव्य लावू नका, लाख त्यात विरघळते. कोरडा मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं फिरवा.

नमस्कार.